आडव्या व्हिडिओचे उभे व चौरस रूपांतर

१६:९ प्रमाणात चित्रित व संपादित झालेला व्हिडिओ मोबाइलसाठी ९:१६, ४:५ किंवा १:१ या चौकटीत नव्याने बसवणे. ठाणे-नवी मुंबईत लग्ने, नाट्यगृहातले कार्यक्रम आणि उत्सव यांच्या चित्रणाबरोबर रील मागितली जाते, तेव्हा हे काम येते. ते संकलनाच्या शेवटी उरकण्याजोगे नाही. प्रत्येक शॉटचा वेगळा निर्णय घ्यावा लागतो.

१९२० × १०८० च्या फ्रेममधून पूर्ण उंचीची उभी पट्टी कापली, तर रुंदी सुमारे ६०८ पिक्सेल उरते. दोन-तृतीयांशाहून अधिक चित्र जाते. ही पट्टी १०८० × १९२० करताना स्केल (मूळ चित्राच्या तुलनेतला आकार) १७८ टक्के होतो आणि रात्रीच्या चित्रणातला नॉइज (दाणेदारपणा) उघडा पडतो. मूळ चित्रण ३८४० × २१६० असेल तर पट्टी १२१५ × २१६० मिळते, ताणावे लागत नाही. मात्र ते १०८० च्या सिक्वेन्समध्ये (संकलनाच्या टाइमलाइनमध्ये) नेस्ट केले, म्हणजे एका सिक्वेन्समध्ये बांधून तो दुसऱ्यात क्लिपसारखा ठेवला, किंवा प्रीमियर या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्केल टू फ्रेम साइझ’ लावले, तर जादा पिक्सेल आधीच टाकले जातात आणि मोठे केलेले चित्र मऊ पडते. तिथे ‘सेट टू फ्रेम साइझ’ वापरावे. १९२० × १०८० मधून चौरसाला ५६ टक्के रुंदी मिळते, स्केल १०० टक्केच राहतो.

पूर्ण झालेल्या सिक्वेन्सची प्रत करून तिचे माप बदलावे, फ्रेम रेट मूळचाच ठेवावा. वॉर्प स्टॅबिलायझर (चित्राची थरथर कमी करणारा प्रीमियरचा इफेक्ट) लावलेल्या क्लिपचे माप सिक्वेन्सशी जुळावे लागते. म्हणून ती आधी मूळ मापात नेस्ट करून मगच सरकवावी.

दहीहंडीचा मनोरा मुळातच उभा, त्यामुळे ठाण्यातल्या हंड्यांचे चित्रण सहज बसते. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेतल्या ढोल-ताशा पथकाची रांग मात्र मावत नाही. आपोआप रिफ्रेम करणारी सोय (प्रीमियरमध्ये ‘ऑटो रिफ्रेम’, रिझॉल्व्ह स्टुडिओत ‘स्मार्ट रिफ्रेम’) अशा गर्दीत हलत्या ध्वजामागे किंवा मध्येच आलेल्या डोक्यामागे धावू शकते. असे कीफ्रेम (चौकटीची जागा बदलणाऱ्या खुणा) पुसून दोन स्थिर जागा ठरवाव्यात आणि त्यांच्यात सरळ कट द्यावा. चौकट सतत सरकवण्यापेक्षा ते बरे दिसते.

गडकरी रंगायतनसारख्या रंगमंचावरच्या प्रकट मुलाखतीत दोन खुर्च्या फ्रेमच्या दोन टोकांना असतात. तेव्हा १०८० × ९६० चे दोन तुकडे वर-खाली लावावेत. ते न ताणता निघतात. पण मधले २४० पिक्सेल दोन्हींत येतात आणि टीपॉयवरची फुले दोनदा दिसतात. मूळ चित्रण 4के (३८४० × २१६०) असेल तर तुकडे घट्ट घेऊन हे टाळता येते. संपूर्ण नेपथ्य किंवा स्लाइड दाखवायची असेल, तर मध्ये पूर्ण फ्रेम ठेवून वर-खाली धूसर प्रत लावणे क्षम्य आहे. एरवी तो आळस होय.

नावपट्ट्या क्रॉप करू नयेत, नव्याने टाइप कराव्यात. लांब हुद्दा दोन ओळींत तोडला की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रा-रफारांना भिडतात. ओळींतले अंतर वाढवावे. खालचा किमान पाचवा भाग आणि उजवी कड ॲपच्या बटणांसाठी मोकळी सोडावी. प्रायोजकाचा फलक बहुधा फ्रेमच्या कडेलाच असतो आणि सर्वांत आधी कापला जातो, म्हणून तो कुठे दिसायला हवा हे संकलनाआधीच ग्राहकाला विचारून घ्यावे.