मल्याळम चित्रपटाच्या वेशभूषेला पुरस्कार: अर्ज कोण करतो, अडतो कुठे

मल्याळम चित्रपटाच्या वेशभूषेची सरकारी दखल दोन ठिकाणी घेतली जाते. एक, केरळ राज्य चित्रपट पुरस्कार. त्यांचं काम तिरुवनंतपुरमची चलच्चित्र अकादमी बघते. दुसरे, केंद्राचे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार. दोन्हीकडे अर्ज निर्मात्यानेच करायचा असतो. वेशभूषाकाराने स्वतः कितीही धडपड केली तरी निर्मात्याने प्रवेशिका भरली नाही तर काम परीक्षकांपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून चित्रीकरण संपल्यावर निर्मात्याच्या मागे लागा, त्यात संकोच कसला?

सगळ्यात जास्त घोळ वर्षाचा होतो. पुरस्काराचं वर्ष सेन्सॉर प्रमाणपत्राच्या तारखेवरून ठरतं, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. चित्रपट थिएटरात कधी लागला, याला इथे किंमत नाही. ‘मरक्कार’ बघा. सुजित सुधाकरन आणि व्ही. साई यांना त्याच्या वेशभूषेसाठी २०१९ या वर्षाचा राष्ट्रीय पुरस्कार मार्च २०२१ मध्ये जाहीर झाला, आणि चित्रपट प्रदर्शित झाला डिसेंबर २०२१ मध्ये! ‘अजून लागला नाही, पुढच्या वर्षी बघू’ म्हणून थांबणाऱ्यांचं वर्ष कायमचं हातचं जातं.

दुसरी अडचण श्रेयनामावलीची. मल्याळममध्ये वेशभूषेचं श्रेय ‘वस्त्रालंकारम्’ या शब्दाखाली येतं. ‘चमयम्’ म्हणजे रंगभूषा, ते वेगळं. एका मुलीचं काम मी जवळून पाहिलंय. कोरी मुंडू (केरळी पद्धतीचं धोतर) जुनी दिसावी म्हणून ती चहाच्या पाण्यात बुडवून वाळवायची, कापडाचे तुकडे वहीत तारखेनिशी चिकटवायची. पडद्यावर मात्र तिचं नाव ‘सहाय्य’ म्हणून आलं. तिच्या वहीकडे कोण बघणार? अजून वाईट वाटतं. चित्रपट सेन्सॉरला जाण्याआधीच नावाची पाटी स्वतः वाचा. स्पेलिंग तपासा, दोघांनी मिळून काम केलं असेल तर दोघांची नावं आहेत ना, तेही बघा. अर्जातही तीच नावं, त्याच स्पेलिंगने हवीत.

बाकी कागद नेहमीचे: सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, कथासार, श्रेययादी, शुल्क. राष्ट्रीय पुरस्कारासाठी इंग्रजी सबटायटल लागतात, आणि ती ऐनवेळी होत नाहीत. डब केलेली आवृत्ती चालत नाही. लघुपट-माहितीपटांच्या राष्ट्रीय गटात वेशभूषेचा पुरस्कारच नाही, तिथे उगाच आशा लावू नका.

शेवटची तारीख दरवर्षी नव्या सूचनेत येते. गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबू नका, आणि निर्मात्याकडून भरलेल्या अर्जाची पोच मागून घ्या.