नोकरी सांभाळून सेफ्टी ऑफिसर: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

सेफ्टी ऑफिसर व्हायचं म्हणून अनेक जण हातातली नोकरी सोडून औद्योगिक सुरक्षेच्या पदविकेला बसतात. कोर्स संपला की मुलाखतीत विचारलं जातं, अनुभव किती? महाराष्ट्राच्या 1982 च्या सुरक्षा अधिकारी नियमांत पदविकेइतकंच वजन अनुभवाला आहे. इंजिनिअरिंगची पदवी असेल तर कारखान्यातला किमान 2 वर्षांचा अनुभव लागतो. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा किंवा भौतिकशास्त्राची वा रसायनशास्त्राची पदवी असेल तर 5 वर्षांचा. तोही पर्यवेक्षक म्हणून. शिवाय राज्य शासनाने मान्य केलेली औद्योगिक सुरक्षेची पदवी किंवा पदविका हवी आणि तिथल्या बहुसंख्य कामगारांची भाषा नीट यायला हवी. म्हणून सांगते, शक्य असेल तोवर नोकरी सोडू नका.

जागा वाढण्याची शक्यता आहे. कारखान्याला सेफ्टी ऑफिसर नेमणं बंधनकारक व्हायला कारखाने अधिनियमात 1000 कामगारांची अट होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेत ती 500 वर आली आहे. धोकादायक प्रक्रियेचे कारखाने आणि बांधकामं यांच्यासाठी 250. संहितेखालच्या नियमांनुसार पात्रतेचे तपशील बदलू शकतात, तेव्हा अर्जाआधी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, म्हणजे 'डिश'कडे, चौकशी करा.

पदविकेच्या प्रवेशासाठी मुंबईत शीवची केंद्रीय श्रम संस्था आहे आणि तंत्रशिक्षण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थाही आहेत. शीवचा कोर्स वर्षभराचा, पूर्णवेळ. त्यामुळे नोकरी टिकवायची तर कंपनीनेच पाठवायला हवं. एचआरला आधीच विचारून प्रायोजकत्वाचं पत्र आणि रजेची लेखी मंजुरी घ्या. इतर संस्थांत वर्गाच्या वेळा शिफ्टशी जुळतात का, हे फी भरण्याआधी पाहा. पदविका शासनमान्य आहे का, तेही लेखी मागा. चकचकीत प्रमाणपत्रं देणाऱ्या खासगी संस्था गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या कागदावर ही नेमणूक होत नाही.

कागदपत्रांत गुणपत्रिका, पदवी किंवा डिप्लोमाचं प्रमाणपत्र, ओळखपत्र, फोटो, लागू असल्यास जातीचा दाखला, हे नेहमीचंच. अडतं ते अनुभवाच्या दाखल्यावर. 'आमच्याकडे कामास होते' एवढं लिहिलेला दाखला पुरत नाही. लेटरहेडवर हुद्दा, विभाग, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, हाताखालच्या माणसांवर देखरेख होती याचा उल्लेख, सही आणि शिक्का हवा. सोबत नेमणूकपत्र आणि पगाराच्या पावत्या जोडा. ठेकेदाराकडे असाल तर कोणत्या कारखान्यात काम केलं तेही लिहून घ्या.

नुकतेच शिकून बाहेर पडलेल्यांसाठी अप्रेंटिसशिप आहे. केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करा, आधारशी जोडलेलं बँक खातं तयार ठेवा. कंपनीसोबतचा करार पोर्टलवर नोंदला गेल्याची खात्री करूनच रुजू व्हा. धोकादायक उद्योगात वयाची 18 वर्षं पूर्ण हवीत. कायद्याने अप्रेंटिस हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो, त्यामुळे हा काळ पर्यवेक्षकाच्या अनुभवात मोजला जाईल असं धरून चालू नका. पण 1961 च्या अप्रेंटिस कायद्याने त्यालाही कारखान्यातल्या आरोग्य-सुरक्षेच्या तरतुदी लागू आहेत आणि कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची आहे. हेल्मेट, सेफ्टी शूज पहिल्याच दिवशी मागून घ्या.