मोटारगाडीचे विद्युत रूपांतरण

मोटारगाडीचे विद्युत रूपांतरण : पेट्रोल वा डिझेल गाडीतील इंजिन काढून त्या जागी विद्युत मोटर, कंट्रोलर (मोटरला जाणारी वीज नियंत्रित करणारे उपकरण) व बॅटरी बसवून तीच गाडी विजेवर चालती करणे. व्यवहारात ‘ईव्ही किट बसवणे’ किंवा ‘रेट्रोफिटिंग’ असे म्हणतात. इंजिन ठेवून जोडीला मोटर देणे हे संकरित रूपांतरण होय. त्याचा विचार येथे केलेला नाही.

या प्रथेचा आरंभ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. अनेक लेखक 1959 च्या सुमारास अमेरिकेत तयार झालेल्या हेन्नी किलोवॅटपासून आरंभ करतात. ही गाडी रेनो डॉफिनच्या सांगाड्यावर बेतलेली होती. प्रथम 36 व पुढे 72 व्होल्टवर चालणाऱ्या या गाड्या शंभराच्या आसपास बनल्या असाव्यात. मात्र त्यांचे सांगाडे इंजिनाविनाच आले होते, तेव्हा काढण्यासारखे इंजिनच नसलेल्या गाडीला रूपांतरित म्हणावे का, हा आक्षेप रास्त आहे. जनरल मोटर्सची इलेक्ट्रोव्हेअर (1964, सुधारित 1966) त्याच कंपनीच्या कॉर्व्हेअर या मोटारीवर आधारलेली होती, तिच्या दुसऱ्या आवृत्तीतील चांदी-जस्त बॅटरी महागडी असून शंभरेक चार्जिंगांतच निकामी होई. हौशी परंपरेचा उगम मात्र 1967 मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या इलेक्ट्रिक ऑटो असोसिएशनच्या सुमाराचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढच्याच वर्षी कॅलटेक व एमआयटी या अमेरिकी तंत्रविद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी रूपांतरित गाड्यांची अमेरिका ओलांडणारी शर्यत लावली. कॅलटेकची 1958 ची फोक्सवॅगन व्हॅन शिशाच्या, तर एमआयटीची कॉर्व्हेअर निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांवर चालत होती. एमआयटीचा चमू आधी पोहोचला, पण दंडाचे तास धरता कॅलटेक विजयी ठरले. 1973 च्या तेलटंचाईनंतर ही हौस पसरली. त्या काळी फोर्कलिफ्टच्या किंवा भंगारात निघालेल्या विमानांच्या डीसी (एकदिश प्रवाहाच्या) मोटर वापरल्या जात.

हलकी, साधी व सुटे भाग सहज मिळणारी गाडी निवडणे श्रेयस्कर. भारतात मारुती 800 (796 घ.सेंमी., वजन सु. 650 किग्रॅ.) हे सोयीचे उदाहरण आहे. इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर व भरलेली टाकी काढल्यावर शंभर ते सव्वाशे किलो वजन उतरते. हे भाग काढण्याआधी दोन्ही आसांवरील भार वेगवेगळा तोलून ठेवावा. सगळी बॅटरी डिकीत टाकल्यास मागच्या स्प्रिंगा बसतात, हेडलाइटचा झोत वर जातो आणि पुढून ओढणाऱ्या या गाडीची चाके ओल्या चढावर फिरत राहतात. म्हणून बॅटरीच्या संचाचे (पॅकचे) दोन भाग करून एक पुढे व दुसरा टाकीच्या जागी ठेवतात.

गिअरबॉक्स मूळचाच ठेवला, तर मोटर व गिअरबॉक्स यांची जुळणी हा कामाचा गाभा ठरतो; बहुतेक फसलेली रूपांतरणे येथेच फसतात. इंजिन खाली घेतल्यावर, फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकावरील जड चक्र) सोडवण्याआधी, ब्लॉकच्या जोडपृष्ठापासून फ्लायव्हीलच्या क्लच टेकणाऱ्या पृष्ठापर्यंतचे अंतर सरळपट्टी व डेप्थ व्हर्नियरने मोजतात. नव्या जोडणीत हेच अंतर यावे लागते. फ्लायव्हील गिअरबॉक्सकडे सरकले तर रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारे बेअरिंग) कायम दाबलेले राहून क्लच घसरतो, आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे टोक टेकण्याचा धोका असतो. दूर गेले तर क्लच पुरता सुटत नाही. मोटर व गिअरबॉक्स यांना जोडणारी अडॅप्टर प्लेट 12 ते 20 मिमी. जाडीच्या ॲल्युमिनियमची करतात व ती बोल्टांच्या नव्हे, डॉवेल पिनांच्या (नेमकी जागा ठरवणाऱ्या खिळ्यांच्या) आधारे मध्यावर आणतात. मोटरच्या शाफ्टवर डायल गेज (सूक्ष्म हालचाल दाखवणारे काट्याचे मापक) बांधून प्लेटच्या भोकाच्या कडेने एक पूर्ण फेरा दिला असता काटा 0.10 मिमी. हलला, तर केंद्र 0.05 मिमी. सरकलेले आहे असे समजावे. याहून अधिक फरक चालवून घेऊ नये. अन्यथा काही महिन्यांत स्प्लाइन (शाफ्टवरील लांबट दाते) झिजतात, बेअरिंग गुणगुणू लागते, आणि दोष मोटरला दिला जातो. इंजिनाच्या क्रँकमध्ये पायलट बुश (शाफ्टच्या टोकाला आधार देणारी नळी) असल्यास तो कपलरमध्येही (मोटरच्या शाफ्टला फ्लायव्हील जोडणाऱ्या भागातही) द्यावा लागतो.

बॅटरीसाठी आता लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेल रूढ आहेत. 3.2 व्होल्टचे, 150 अँपिअर-तासाचे 30 सेल एकसरीत जोडले की 96 व्होल्ट व 14.4 युनिट क्षमता मिळते. त्यातील 85 टक्के वापरावी. किलोमीटरला 100 वॅट-तास खर्च धरता सु. 120 किमी. पल्ला येतो. तुलनेने 6 व्होल्टच्या 12 शिसे-आम्ल बॅटऱ्या सव्वातीनशे किलोंवर भरतात, आणि मोठ्या प्रवाहाला कागदावरच्या क्षमतेच्या निम्म्याहून थोडीच जास्त देतात. प्रत्येक सेल 3.65 व्होल्टच्या वर वा 2.5 च्या खाली जाऊ न देणे हे बीएमएसचे (बॅटरी व्यवस्थापन यंत्रणेचे) काम. एकूण व्होल्टेज ठीक दिसत असताना एखादा सेल मेलेला असू शकतो.

कंट्रोलरमधील कपॅसिटर रिकामे असताना मुख्य काँटॅक्टर (पॅक जोडणारा-तोडणारा विद्युत-स्विच) थेट लावला, तर क्षणिक प्रवाहाने त्याचे संपर्कबिंदू वितळून चिकटतात; मग चावी बंद करूनही पॅकची जोडणी तुटत नाही. याकरिता 100 ओहमच्या रोधातून काही सेकंद आधी भरणा करतात. फ्यूज डीसीचाच असावा, कारण एसीचा फ्यूज डीसीची ठिणगी विझवेलच असे नाही. इंजिन गेल्याने ब्रेक बूस्टरची निर्वात ओढही जाते. तेथे विद्युत व्हॅक्यूम पंप लागतो. दिवे, वायपर व हॉर्न यांसाठी पॅकचा दाब 12 व्होल्टवर उतरवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर व लहान 12 व्होल्ट बॅटरी ठेवतात. 3.3 किलोवॅटच्या चार्जरला 16 अँपिअरचा सॉकेट पुरतो, मात्र अर्थिंग तपासून घ्यावे.

फ्रान्समध्ये 2020 च्या नियमानुसार पाच वर्षांहून जुन्या मोटारींना परवानगी असून शक्ती मूळच्या 65 ते 100 टक्के व वजनवाढ 20 टक्क्यांच्या आत लागते. भारतात हे रूपांतरण एआयएस-123 या वाहन-उद्योग मानकाच्या तिसऱ्या भागाखाली येते. किटला पुण्याची एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) किंवा तत्सम मान्य संस्थेची मंजुरी, अधिकृत केंद्रातच जोडणी आणि मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार आरटीओकडून नोंदणीपत्रात बदल आवश्यक असतो. घरी केलेले काम कितीही चोख असले तरी त्याची नोंद होत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी घातल्यानंतर या किटांची विचारणा वाढली.