पृष्ठप्रदेश आणि भूवेष्टित देश: समुद्रापासून लांब आणि समुद्राला पारखा

सन १८१२ या एकाच वर्षी दक्षिण कोकणातली दोन बंदरे इंग्रजांकडे गेली. मालवण कोल्हापूरकर छत्रपतींकडून गेले आणि वेंगुर्ले सावंतवाडीकरांकडून. समुद्रावरची लूटमार थांबवणे हे त्यामागचे इंग्रजांचे कारण होते. पुढे १८१९ च्या तहाने कर्ली नदीपासून पोर्तुगीजांच्या हद्दीपर्यंतचा सावंतवाडीचा उरलासुरला किनाराही कंपनी सरकारच्या हाती आला. सावंतवाडी शहर होते तिथेच राहिले आणि वेंगुर्ल्याचे बंदरही तिथून तीस किलोमीटरच्या आतच राहिले. बैलगाडीने रात्री निघालेला माणूस सकाळी बंदरावर पोहोचेल एवढेच ते अंतर होते, पण संस्थानाला स्वतःचा समुद्र उरला नाही.

शाळेच्या भूगोलात भेटणाऱ्या दोन शब्दांमधला फरक या घटनेवरून जितका नीट कळतो, तितका तो व्याख्यांवरून कळत नाही. पृष्ठप्रदेश म्हणजे बंदराच्या पाठीमागचा तो मुलूख, ज्याचा माल त्या बंदरातून बाहेर जातो आणि ज्याच्या गरजेच्या वस्तू त्याच बंदरात उतरतात. भूवेष्टित देश म्हणजे ज्याच्या सर्व बाजूंना दुसऱ्या देशांची जमीन आहे आणि ज्याला महासागराकडे जाणारी स्वतःची वाट नाही असा देश. दोघेही समुद्रापासून आत असल्यामुळे, आणि दोघांचाही माल दुसरीकडच्या बंदरावर चढत असल्यामुळे, त्यांची अडचण एकच आहे असे सहज वाटते. नेपाळ किंवा युगांडा यांच्याविषयी बोलताना ‘बिचारे समुद्रापासून फार लांब पडले’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपण भूवेष्टित देशाला पृष्ठप्रदेश समजत असतो. चूक शब्दाची असली तरी उपायही त्याच चुकीच्या वाटेने जातो, कारण अंतर ही अडचण असेल तर चांगला रस्ता बांधून ती बरीचशी सुटते, पण अडचण हद्दीची असेल तर त्या रस्त्याच्या मध्यभागी एक फाटक उरतेच.

आकडे पाहिले तर अंतराचा समज फार टिकत नाही. नागपूरहून मुंबई रेल्वेने सुमारे ८४० किलोमीटर आहे. नेपाळचा जो मोठा व्यापार बिरगंजच्या नाक्यातून चालतो, ते बिरगंज कोलकात्याच्या बंदरापासून रेल्वेने सुमारे ७०० किलोमीटरवर आहे. म्हणजे नागपूरचा व्यापारी बिरगंजच्या व्यापाऱ्यापेक्षा समुद्रापासून अधिक लांब आहे; तरीही नागपूरला कोणी भूवेष्टित म्हणत नाही आणि म्हणूही नये.

नागपूरहून निघालेल्या कंटेनरचे काय होते ते पाहा. सीमाशुल्काची तपासणी नागपुरातल्याच अंतर्गत डेपोत होते, तिथेच सील लागते, आणि तो डबा न्हावाशेव्याच्या धक्क्यावर थेट जहाजाच्या रांगेत लागतो. वाटेत कायदा बदलत नाही, चलन बदलत नाही, ट्रक असेल तर चालकाला परवाना दाखवून दुसऱ्या देशात शिरावे लागत नाही, आणि माल हरवला तर दाद मागायला कोर्टही आपल्याच देशातले असते. बिरगंजच्या कंटेनरचा प्रवास उलट्या दिशेने, म्हणजे आयातीच्या बाजूने पाहू. माल कोलकात्यात उतरतो. तो भारतात विकला जाणार नाही, म्हणून त्यावर भारताचा कर लागू नये, हे करारात ठरलेले आहे. परंतु तो खरोखरच विकला जाणार नाही याची खात्री भारताला हवी असते. त्यासाठी पारगमनाचे, म्हणजे एका देशाचा माल दुसऱ्या देशाच्या भूमीवरून पलीकडे नेण्याचे, वेगळे घोषणापत्र भरावे लागते, कराच्या रकमेइतकी हमी किंवा विमा द्यावा लागतो, सील तपासून घ्यावे लागते, आणि भारताच्या हद्दीवरचे रक्सौल ओलांडून बिरगंजच्या कोरड्या बंदरात, म्हणजे समुद्रापासून दूर असलेल्या कंटेनरच्या डेपोत, पोहोचल्यावर नेपाळच्या सीमाशुल्काची कागदपत्रे पहिल्यापासून सुरू होतात. रूळ तेच, त्यांची रुंदी तीच, कदाचित इंजिनही तेच. फक्त एक रेघ ओलांडायची असते. (‘कोरडे बंदर’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला येते तसे मला हसू आले होते, पण २००४ पासून तिथे रेल्वेने कंटेनर येऊ लागले आणि त्या शब्दाला अर्थ आला.)

या सगळ्यात वेळ जातोच, पण व्यापाऱ्याला वेळेपेक्षा वेळेची अनिश्चितता महाग पडते. माल सात दिवसांत येणार हे नक्की असेल तर दुकानदार सात दिवसांचा साठा ठेवतो. तो कधी सात तर कधी पंचवीस दिवसांत येत असेल तर त्याला पंचवीस दिवसांचा साठा ठेवावा लागतो, गोदामाचे भाडे भरावे लागते आणि तेवढे भांडवल अडकवावे लागते. बंदरात डबा अडला की डेमरेज, म्हणजे अडून राहिल्याचा आकार, सुरू होते, जहाज कंपनीचा रिकामा डबा वेळेत परत गेला नाही तर त्याचे भाडे वेगळे. नेपाळसारख्या देशात आयात निर्यातीपेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळे भरून आलेले डबे पुष्कळदा रिकामेच परत जातात आणि त्या रिकाम्या फेरीचा खर्चही शेवटी आलेल्या मालावरच चढतो.

पारगमन देणाऱ्या देशाचा संशय नेहमीच खोडसाळ असतो असे मात्र म्हणता येणार नाही. जो माल कर न भरता आपल्या भूमीवरून जातो, तो वाटेतच उतरवून विकण्याचा मोह मोठा असतो, आणि हे आम्हा सिंधुदुर्गातल्या लोकांना फार समजावून सांगावे लागत नाही. १९६१ पूर्वी गोव्याची हद्द ही परदेशाची हद्द होती आणि दोन्हीकडच्या भावांत फरक असल्यामुळे त्या हद्दीवर काय काय चालत असे, त्याच्या गोष्टी बांदा-सातार्डा भागात जुनी माणसे अजून सांगतात. आज गोवा आपल्याच देशात आहे, तरी मद्यावरचा कर वेगळा असल्यामुळे इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासल्या जातातच. एका देशातल्या दोन राज्यांमध्ये जर एवढे होत असेल, तर दोन देशांच्या हद्दीवर सील आणि हमीपत्र यांचा आग्रह धरला जाणे स्वाभाविक आहे. प्रश्न आग्रहाचा नसून तो किती वाजवी ठेवायचा आणि ते कोणी ठरवायचे, याचा आहे.

ठरवण्याचा हा अधिकार कोणाकडे आहे, तिथे दोन गोष्टींमधला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. समुद्राच्या कायद्यासंबंधीच्या १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातला दहावा भाग भूवेष्टित राष्ट्रांसाठी आहे. त्याचे १२५ वे कलम त्यांना समुद्राकडे जाण्या-येण्याचा हक्क आणि पारगमनाचे स्वातंत्र्य देते, आणि १२७ वे कलम सांगते की अशा मालावर सीमाशुल्क घेऊ नये, प्रत्यक्ष दिलेल्या सेवेचा आकार तेवढा घ्यावा. परंतु त्याच १२५ व्या कलमात हेही आहे की हा हक्क कसा बजावायचा, त्याच्या अटी कोणत्या, हे संबंधित देशांनी आपापसांत करार करून ठरवावे, आणि पारगमन देणाऱ्या देशाला आपले न्याय्य हितसंबंध राखण्यासाठी उपाय योजण्याचा अधिकार राहील. म्हणजे हक्क आंतरराष्ट्रीय कायद्याने मिळतो, वाट मात्र शेजाऱ्याशी बोलून मिळवावी लागते. नागपूरला किंवा कोल्हापूरला हा संवाद कोणाशी करावाच लागत नाही. देशात कोठूनही कोठेही माल नेणे हा तिथल्या व्यापाऱ्याचा नित्याचा व्यवहार आहे. त्याची मुदत संपत नाही आणि नूतनीकरणही करावे लागत नाही.

मुदत संपली म्हणजे काय होते, हे नेपाळने १९८९ मध्ये अनुभवले. भारताबरोबरचे व्यापार आणि पारगमनाचे करार त्या वर्षी मार्चमध्ये संपले, नवे होईपर्यंत मोजकी नाकी सोडून बाकीची बंद झाली आणि इंधनाचा तुटवडा डोंगरातल्या खेड्यांपर्यंत पोहोचला. २०१५ मध्ये, भूकंप होऊन पाच महिने झालेले असताना, नवी राज्यघटना जाहीर झाल्यावर सीमेवरची वाहतूक पुन्हा काही महिने विस्कळीत झाली. नेपाळने ती भारताची नाकेबंदी म्हटली, भारताने तिचे कारण नेपाळच्या बाजूला चाललेल्या आंदोलनात दाखवले. दोष कोणाचाही असो, काठमांडूतल्या स्वयंपाकघरात गॅस नव्हता.

याच्या शेजारी आपल्याकडचा घाट ठेवून पाहू. पावसाळ्यात आंबोली घाटात दरड कोसळली की वेंगुर्ले-बेळगाव वाहतूक अडते, भाजीचे ट्रक थांबतात, लोक वैतागतात. पण दरड हलवण्याची जबाबदारी आपल्याच सार्वजनिक बांधकाम खात्याची असते, तोवर फोंडा किंवा भुईबावडा घाटाने वळसा घेता येतो, आणि दरडीशी वाटाघाटी कराव्या लागत नाहीत. घाट तुटणे ही पृष्ठप्रदेशाची आपत्ती आहे आणि करार तुटणे ही भूवेष्टित देशाची. पहिलीत मोजायचे ते मातीचे ढिगारे. दुसरीत किती दिवस लागतील हे मोजण्याचे साधनच व्यापाऱ्याजवळ नसते.

हद्द सरकली की प्रदेश एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात कसा जातो, याचे अलीकडचे मोठे उदाहरण इथिओपियाचे आहे. १९९३ मध्ये इरिट्रिया स्वतंत्र होईपर्यंत अदिस अबाबा हे मस्सावा आणि असाब या बंदरांचा पृष्ठप्रदेश होते. इरिट्रिया वेगळा झाला आणि दहा कोटींहून अधिक वस्तीचा आजचा इथिओपिया जगातला सर्वाधिक लोकसंख्येचा भूवेष्टित देश ठरला. पहिली काही वर्षे असाब वापरता येत होते, पण १९९८ मध्ये दोन देशांत युद्ध पेटले आणि ती वाट बंद झाली. तेव्हापासून त्याच्या परदेशी व्यापाराचा फार मोठा भाग एकट्या जिबुतीतून चालतो, आणि सुमारे ७५० किलोमीटरचा नवा विद्युत रेल्वेमार्गही तिकडेच बांधला गेला. कोल्हापूरचे नेमके उलटे झाले. १८१२ नंतर मालवण गमावलेले ते संस्थान समुद्राला पारखे झाले होते; १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाल्यावर ते पुन्हा पृष्ठप्रदेश झाले. रंकाळा जागचा हलला नाही. संस्थानाची तुलना स्वतंत्र राष्ट्राशी सगळ्या बाबतींत जमणार नाही, कारण त्याच्यावर आणि बंदरावर सत्ता शेवटी एकाच इंग्रजांची होती. पण हद्दीचा परिणाम समजून घेण्यापुरती ती जमते.

पृष्ठप्रदेशाला आणखी एक मोकळीक असते, तिची किंमत सहसा लक्षात येत नाही: तो बंदर बदलू शकतो. कोल्हापूरचा निर्यातदार न्हावाशेव्याचा दर पटला नाही तर गोव्यातल्या मुरगावचा किंवा जयगडचा विचार करतो. भूवेष्टित देशाला बंदर बदलायचे म्हणजे कधीकधी परराष्ट्र धोरणच बदलावे लागते. ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेच्या, गोऱ्या राजवटीने १९६५ मध्ये एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केल्यावर झांबियाच्या तांब्याची दक्षिणेकडची वाट धोक्यात आली, तेव्हा टांझानियातल्या दार-ए-सलामपर्यंत १,८६० किलोमीटरचा रेल्वेमार्ग चीनच्या मदतीने बांधावा लागला. बोलिव्हियाचा किनारा १८७९ मध्ये सुरू झालेल्या युद्धात चिलीकडे गेला. १९०४ च्या तहाने त्याला चिलीतून पारगमनाचा हक्क आहे, तरी स्वतःच्या समुद्राची मागणी त्याने सोडली नाही. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला की त्याविषयी वाटाघाटी करण्याचे बंधन चिलीवर नाही. बोलिव्हियाचे नौदल अजून आहे आणि ते टिटिकाका सरोवरात गस्त घालते.

भूवेष्टित म्हणजे गरीब असे समीकरणही मांडू नये. स्वित्झर्लंडला राईन नदीवरच्या मोकळ्या वाहतुकीची जुनी व्यवस्था लाभली आणि शेजारीही सधन मिळाले. बोट्स्वानाचा हिरा विमानातून जातो, त्याला धक्क्याची वाट पाहावी लागत नाही. उलट किनारा असला म्हणजे बंदर असतेच असेही नाही, आणि हे तर आम्ही दर उन्हाळ्यात पाहतो. देवगडचा हापूस ज्या कातळावर पिकतो तिथून समुद्र दिसतो, पण परदेशी जाणारी बहुतेक पेटी आधी रस्त्याने घाटवळणे काढत नवी मुंबई गाठते. तरीही देवगडला भूवेष्टित म्हणता येणार नाही. त्याची अडचण सोयींची आहे आणि ती सोडवणे आपल्याच सरकारांच्या हातात आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या यादीत आज ३२ भूवेष्टित विकसनशील देश आहेत. त्यांच्यासाठी २००३ मध्ये अल्माटीत, २०१४ मध्ये व्हिएन्नात दहा-दहा वर्षांचे कार्यक्रम आखले गेले. तिसऱ्या कार्यक्रमासाठीची परिषद ऑगस्ट २०२५ मध्ये तुर्कमेनिस्तानातल्या अवाझा इथे भरली. अवाझा हे समुद्रकिनाऱ्यावरचे पर्यटनस्थळ आहे. तिथे वाळू आहे, लाटा आहेत, हॉटेले आहेत, आणि जवळच तुर्कमेनबाशीचे मोठे बंदर आहे, ज्यात जहाजे लागतात. पण तो समुद्र कॅस्पियन आहे. त्यातून महासागराकडे जायचे तर व्होल्गा नदी आणि व्होल्गा-डॉन कालवा यांतून जावे लागते, आणि ती वाट पूर्णपणे रशियाच्या हद्दीतली आहे.