ऑप्टिकल फ्लो : पिरॅमिड सोडण्याच्या निर्णयाची पार्श्वभूमी

ऑप्टिकल फ्लो म्हणजे व्हिडिओच्या लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये प्रत्येक पिक्सेल किती आणि कुठे सरकला याचा अंदाज. त्याच्या दोन पायाभूत पद्धती 1981 साली मांडल्या गेल्या. दोन्हींचे गणित पिक्सेलभराच्या आसपासच्या विस्थापनापुरतेच खरे ठरत असे. म्हणून चित्र पुनःपुन्हा निम्मे करून पिरॅमिड रचायचा, वरच्या लहान चित्रात ढोबळ गती काढायची आणि खाली उतरताना ती सुधारत न्यायची, असा प्रघात पडला. 32 पिक्सेलची उडी पाच वेळा निम्म्या केलेल्या चित्रात एका पिक्सेलची होते आणि आवाक्यात येते. 2018 मध्ये पीडब्ल्यूसी-नेट या पद्धतीने हाच पिरॅमिड न्यूरल नेटवर्कच्या आत बसवला आणि फ्लोनेट-2 या आधीच्या नेटवर्कपेक्षा सुमारे सतरा पट लहान असूनही त्याहून अचूक उत्तरे दिली.

पिरॅमिडचा दोष मात्र जुनाच होता. वेगाने जाणारा क्रिकेटचा चेंडू वरच्या चित्रात विरून जातो आणि तिथे चुकलेली गती खालच्या थरांत क्वचितच दुरुस्त होते. 2020 मध्ये राफ्ट या नव्या नेटवर्कने ढोबळाकडून बारकाव्याकडे जाणारी ही वाट सोडली. चित्राच्या एक-अष्टमांश आकारावर पहिल्या फ्रेममधील प्रत्येक बिंदूची दुसऱ्या फ्रेममधील प्रत्येक बिंदूशी तुलना करून तो सारा तक्ता स्मृतीत ठेवायचा आणि त्याच्या आधारे एकच प्रवाहक्षेत्र (प्रत्येक बिंदूच्या गतीचा नकाशा) पुनःपुन्हा सुधारायचे, ही त्याची रीत होती. अचूकतेत झालेली वाढ निर्विवाद होती.

वाद किमतीचा आहे, आणि ती किंमत चाचणीसंचांमुळे झाकली गेली, असे म्हणणे भाग आहे. सिंटेल या प्रचलित संचातील चित्रे 1024×436 पिक्सेलची आहेत. त्यांच्यासाठी हा तक्ता, दर नोंदीला चार बाइट धरल्यास, सुमारे 200 मेगाबाइट भरतो. 1920×1080 च्या साध्या व्हिडिओत मात्र 240×135, म्हणजे 32,400 बिंदू होतात, त्यांच्या जोड्या शंभर कोटींवर जातात आणि तक्ता 4 गिगाबाइटची मर्यादा ओलांडतो. चित्राची लांबी-रुंदी दुप्पट केली की स्मृतीचा वापर सोळापट होतो. पद्धतींची क्रमवारी लावताना उत्तरांतील चूक मोजली गेली. स्मृती मोजण्याची सक्ती नव्हती.

तक्ता न साठवता लागतील तेवढ्याच तुलना त्या त्या वेळी करण्याचा पर्याय राफ्टसोबतच दिलेला होता, परंतु तो संथ होता. 2021 मध्ये दोन वेगळ्या वाटा पुढे आल्या : एकीत आडव्या आणि उभ्या दिशांचे शोध वेगळे केले गेले, तर दुसरीत प्रत्येक बिंदूसाठी मोजक्याच सरस जुळण्या राखल्या गेल्या.