जठर-हृदय लक्षणसमूह

(रोमहेल्ड लक्षणसमूह). जठर किंवा मोठे आतडे वायूने फुगले असता छातीत धडधड, ठोका चुकल्याची जाणीव, दडपण वा धाप लागणे आणि ढेकर आल्यावर किंवा वायू सरल्यावर ते ओसरणे, या अवस्थेस ही संज्ञा लावतात. ‘गॅस वर चढला’ ही घरोघरची तक्रार पुष्कळदा हीच असते.

संज्ञा जर्मन वैद्य लुडविग रोमहेल्ड (१८७१–१९३८) यांच्या नावावर आहे. नेकार नदीकाठच्या गुंडेल्सहाइम येथे ते आरोग्यधाम चालवीत. वर्णनाचा काळ काही ठिकाणी त्यांच्या अखेरच्या वर्षांत दाखवला जातो. परंतु त्यांचे या विषयावरील लेखन १९१२ च्या सुमारास सुरू झालेले दिसते, म्हणून तोच काळ धरणे अधिक सयुक्तिक. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात, ढेकर दाबल्याने उचकी, श्वास, अरुची, कंप आणि हृदय व छातीचा ‘विबंध’ होतो असे म्हटले आहे. याला आजच्या लक्षणसमूहाचे पूर्वरूप म्हणण्याचा मोह होतो. मात्र विबंध म्हणजे अवरोध. ठोक्यांची अनियमितता त्यात स्पष्ट नाही. संबंध ओळखला होता, एवढेच खात्रीने म्हणता येते.

जठराचा वरचा घुमट डाव्या श्वासपटलाला (छाती व पोट यांमधील स्नायूच्या पडद्याला) खालून टेकलेला असतो आणि पटलाच्या वर हृदय. अन्ननलिका तर हृदयाच्या डाव्या कर्णिकेच्या (वरच्या कप्प्याच्या) अगदी पाठीशी असते. म्हणून काहींना मोठा घास गिळतानाच ठोका चुकल्यासारखे वाटते. हृदय व पचनमार्ग या दोहोंना मेंदूपासून निघणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या शाखा जातात. यांत्रिक दाब की मज्जातंतूची प्रतिक्षिप्त क्रिया, यांत अलीकडे दुसऱ्या कारणाकडे कल अधिक आहे. वस्तुतः ठोका चुकत नाही, तो वेळेआधी पडतो. त्यानंतर हृदय क्षणभर थांबते, नेहमीपेक्षा जास्त भरते आणि पुढचा ठोका जोरात बसतो. अंधारात जिन्याची पायरी चुकावी तसे रुग्णाला वाटते ते या विरामामुळे. मनगटावरच्या नाडीतही तेवढी जागा रिकामी लागते.

पोट व हृदय यांचा संबंध इतर मार्गांनीही येतो. डिजॉक्सिन या हृदयाच्या औषधाची मात्रा अंगात साठली की मळमळ, अन्नावरची वासना उडणे आणि ठोक्यांची अनियमितता एकदमच दिसू शकतात. जुलाबात पोटॅशियम घटल्यानेही लय बिघडते. आम्लता कमी करणाऱ्या पँटोप्राझोलसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास काहींच्या रक्तातील मॅग्नेशियम उतरते. मळमळीवरच्या डॉम्पेरिडोनमुळे, विशेषतः मोठ्या मात्रेत, हृदयाची विद्युत्‌क्रिया लांबू शकते. याच प्रकारच्या दोषामुळे सिसाप्राइड हे पोटाचे औषध अमेरिकेत २००० मध्ये बाजारातून काढून घेतले गेले. पोटाची औषधे आपल्या मनाने वर्षानुवर्षे चालू ठेवू नयेत, ते यासाठी.

निदान इतर कारणे वगळूनच करावयाचे असते. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका अपचनासारखाच भासतो. सोडा, ओवा किंवा इनो घेऊन वाट पाहण्यात मोलाचे तास जातात. घाम, जबडा वा डाव्या हातातील कळ, भोवळ यांपैकी काहीही असल्यास आधी ईसीजी.

एरवी थोडे थोडे खाणे आणि जेवल्यावर लगेच आडवे न होणे एवढ्यानेही बऱ्याच जणांना आराम पडतो. डाव्या कुशीवर झोपल्यास धडधड अधिक जाणवते. होल्टर यंत्र (ठोक्यांचा सतत आलेख नोंदवणारे) २४ तास छातीवर असताना रुग्णाने जेवणाची, ढेकरेची आणि ठोका चुकल्याची वेळ वहीत लिहायची असते. आलेखातील अकाली ठोके त्या वेळांशी ताडून पाहतात.