स्लाइड ढिली झाली म्हणजे नेमकं काय झालं: बॅकलॅश की गिब?

लेथवर टूल जॉबकडे (कापायच्या तुकड्याकडे) आत-बाहेर नेणाऱ्या क्रॉस स्लाइडचं हँडल उलट फिरवलं, डायलवरच्या आठ-दहा रेषा सरकल्या, तरी टूल जागचं हललं नाही, तर तो बॅकलॅश. हँडलला हात न लावता टूल पोस्ट (टूल धरणारा भाग) आडवी ढकलली आणि ती डुलली, तर गिब, म्हणजे स्लाइडला तिच्या खाचेत घट्ट धरणारी पट्टी, ढिली आहे. दोन्हींना ‘स्लाइड ढिली झाली’ असंच म्हटलं जातं आणि घोटाळा तिथेच होतो. चॅटर (कापताना टूलची थरथर) येतो म्हणून स्लाइड सरकवणाऱ्या स्क्रूचा नट आवळला जातो, माप चुकतं म्हणून गिबचे स्क्रू पिळले जातात. मूळ दोष तसाच राहतो आणि नट मात्र लवकर झिजतो.

बॅकलॅश हा हँडल आणि स्लाइड यांच्यामधला मोकळेपणा आहे. स्क्रूचे आटे आणि नटचे आटे यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते, नाहीतर स्क्रू फिरणारच नाही. घरगुती वापराच्या छोट्या लेथवर 0.1 ते 0.25 मिमी बॅकलॅश असणं नेहमीचंच आहे. गिबचा ढिलेपणा स्लाइड आणि तिच्या खालच्या डव्हटेलमधला (तिरप्या बाजूंच्या सांध्यातला) असतो. तिथे तेलाच्या थराइतकीच जागा हवी. पहिल्याबरोबर जन्मभर काम करता येतं, दुसऱ्याबरोबर एक चांगला कटसुद्धा घेता येत नाही.

डायल गेज लावून बघा

मॅग्नेटिक स्टँडवरचं डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं साधन) घ्या. आधी गिब तपासा, कारण स्लाइड डुलत असेल तर बॅकलॅशचं मापही भरवशाचं येत नाही.

स्टँड कॅरेजवर (बेडवरून सरकणाऱ्या, क्रॉस स्लाइड वाहणाऱ्या भागावर) बसवा आणि गेजची टोच टूल पोस्टच्या बाजूला, बेडच्या दिशेत टेकवा. आता टूल पोस्ट दोन्ही हातांनी चककडे (जॉब धरणाऱ्या टोकाकडे) आणि टेलस्टॉककडे (बेडच्या दुसऱ्या टोकाकडे) ढकला. मग टूलच्या टोकाखाली हात घालून वर उचलायचा प्रयत्न करा आणि गेज वरून लावून तेही वाचा. काटा 0.02 मिमीपेक्षा जास्त हलला आणि हात काढल्यावर मूळ जागी परतला नाही, तर गिब ढिली आहे. हलून बरोबर परत आला, तर तो बहुतेक वेळा लोखंडाचा लवचीकपणा असतो. इथे एक चूक सहज होते: टूल पोस्ट स्क्रूच्या दिशेत, म्हणजे आपल्याकडे आणि पलीकडे ढकलली, तर बॅकलॅशचा मोकळेपणाही हाताला लागतो आणि दोष गिबवर येतो. म्हणून ढकलायचं आडवं.

कंपाउंड स्लाइड (क्रॉस स्लाइडवरची छोटी, कोनात फिरवता येणारी स्लाइड) वेगळी तपासा. तिच्या गिबचा एखादा स्क्रू आवळून तिला तात्पुरतं लॉक करा आणि ज्या कटला चॅटर आला तोच पुन्हा घ्या. चॅटर गेला तर दोष कुठे आहे ते कळलं.

बॅकलॅशसाठी गेज स्क्रूच्या दिशेत लावा. स्लाइड एक पूर्ण फेरा पुढे न्या, गेज आणि हँडलवरचं डायल दोन्ही शून्य करा. मग हँडल हळूच उलट फिरवा आणि काटा हलायला लागेल त्या क्षणी डायल वाचा. हेच स्लाइडच्या प्रवासात तीन ठिकाणी करा. मध्ये 0.3 आणि टोकाला 0.12 आलं, तर स्क्रू मधल्या पट्ट्यात झिजला आहे, कारण बहुतेक काम तिथेच होतं.

बॅकलॅश काय बिघडवतो

समजा, स्क्रूचा पिच (एका फेऱ्यात स्लाइड सरकते ते अंतर) 2 मिमी आहे आणि डायलवर 100 रेषा आहेत. म्हणजे एक रेष 0.02 मिमी, आणि व्यासावर 0.04. जॉब 20.40 मोजला आहे, हवा आहे 20.00. दहा रेषा पुढे जायचं होतं, चुकून तेरा गेल्या. लक्षात आलं म्हणून तीन रेषा मागे घेतल्या. बॅकलॅश आठ रेषांचा असेल, तर स्लाइड मुळीच मागे आलेली नाही. डायल दहा दाखवतं, टूल तेरावर आहे. असाच कट घेतला तर जॉब 19.88 च्या आसपास उतरेल. किंवा कटचा दाब टूलला त्या फटीत मागे ढकलेल आणि काय माप येईल ते सांगताच येणार नाही.

उपाय सोपा आहे. हँडल निदान अर्धा फेरा मागे घ्या आणि पुन्हा पुढे येत दहावर थांबा. बाहेरून टर्निंग करताना कटचा दाब टूलला जॉबपासून दूर ढकलतो, त्यामुळे पुढे येताना आट्यांची जी बाजू टेकते तीच टेकलेली राहते. नेहमीच्या बोअरिंगमध्ये (भोक आतून मोठं करताना), टूल आपल्या बाजूची भिंत कापत असताना, हे उलटं होतं. तिथे शेवटची हालचाल स्लाइड आपल्याकडे ओढणारी हवी. आटे पाडतानाही हीच शिस्त लागते. लीड स्क्रूचा हाफ नट (कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारा नट) बंद ठेवून मोटर उलटी फिरवण्याआधी टूल बाहेर काढा, नाहीतर ते बॅकलॅशइतकं सरकून आट्याची दुसरी बाजू कापत जातं. परत येताना जॉबच्या टोकापलीकडे पुरेसं लांब जा, म्हणजे पुढचा कट सुरू होण्याआधी ती फट भरलेली असेल.

गिब बसवताना

गिबची खूण म्हणजे फिनिशवर पडणाऱ्या लाटा, फेसिंग (जॉबचं टोक सपाट) केल्यावर मधे उंचवटा किंवा खोलगट पृष्ठभाग, आणि पार्टिंग करताना (जॉब कापून वेगळा करताना) टूल गचकन आत घुसणं. (फेसिंगचा दोष हेडस्टॉकच्या (चक फिरवणाऱ्या भागाच्या) अलाइनमेंटमुळेही येतो, म्हणून एकट्या त्या खुणेवर जाऊ नका.)

छोट्या लेथवर बहुधा सपाट पट्टी आणि तिला दाबणारे तीन-चार ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) असतात, प्रत्येकावर तो जागी पक्का ठेवणारा लॉकनट. सर्वात उपयोगी युक्ती ही: आधी स्लाइडमधून स्क्रू आणि नट सोडवा, म्हणजे स्लाइड नुसत्या हाताने सरकवता येईल. स्क्रूच्या यांत्रिक फायद्यामुळे हँडलवर घट्टपणा नीट कळत नाही, हाताला मात्र लगेच कळतो. पट्टी आणि डव्हटेल रॉकेलने धुवा, किस पुसून काढा, तेल लावा. सगळे स्क्रू मोकळे करून एकेक टेकेपर्यंत घ्या, मग थोडं थोडं वाढवत जा. स्लाइड पूर्ण प्रवासात एकसारखी, तेलात जड सरकल्यासारखी सरकली पाहिजे.

लॉकनट आवळताना ॲलन की ग्रब स्क्रूमध्ये घट्ट धरून ठेवा. नटबरोबर स्क्रूही थोडा फिरतो आणि अचूक केलेली सेटिंग तिथेच बिघडते. प्रत्येक लॉकनटनंतर स्लाइड पुन्हा सरकवून बघा, चारही झाल्यावर नाही. पट्टीवरचे खड्डे आणि स्क्रूची टोकं जुळत नसतील तर पट्टी सरकते किंवा तिरपी होते आणि कितीही आवळलं तरी स्लाइड डुलतच राहते. टोकं गोलसर घासून खड्ड्यात नीट बसवा. टेपर गिब (एका टोकाला निमुळती पट्टी) असेल तर काम सोपं आहे: एका टोकाचा स्क्रू मोकळा करायचा, दुसरा पाव फेरा आत घ्यायचा, मग पहिला टेकवायचा.

स्लाइड मध्ये ढिली आणि टोकांना घट्ट असेल, तर डव्हटेल झिजली आहे. मध्यावर बेताची घट्ट केली तर टोकाला अडकेल. तिथे स्क्रेपिंगशिवाय (पृष्ठभाग हाताने खरवडून सपाट केल्याशिवाय) इलाज नाही; तोवर जिथे काम करता त्या भागापुरती गिब बसवा.

फार आवळलेली गिबही फसवते. हँडल फिरतं, स्लाइड अडून राहते, मग एकदम उडी मारते. लक्षण बॅकलॅशसारखंच दिसतं, पण गेज लावल्यावर काटा धक्क्याने सरकताना दिसेल.

बॅकलॅश कमी करायचा असेल तर

नटला हात लावण्याआधी हँडलच्या बॉसवर (मधल्या जाड गोल भागावर), स्क्रूच्या अक्षाच्या दिशेत गेज लावा आणि हँडल मागे-पुढे करा. हँडलच आत-बाहेर होत असेल तर फट नटमध्ये नाही, स्क्रूच्या टोकाच्या बेअरिंगमध्ये आहे. तिथला लॉकनट किंचित घट्ट करून, नाहीतर पातळ शिम (पत्र्याची चकती) घालून ती काढता येते आणि पुष्कळदा अर्ध्याहून जास्त बॅकलॅश तिथेच जातो. उरलेल्यासाठी फट असलेला, स्क्रूने आवळता येणारा नट असेल तर झिज नसलेल्या टोकाला, जिथे आटे सर्वात भरलेले आहेत, तिथे तो जुळवा. मध्यावर जुळवलात तर टोकाला गच्च होईल.

दोन्ही ढिलेपणा एकदम छळतात ते टूल जॉबमध्ये ओढलं जातं तेव्हा. पार्टिंग करताना, पितळेवर धन रेक असलेलं (वरची बाजू धारेपासून मागे उतरती असलेलं) टूल वापरताना, आणि मिलिंगमध्ये क्लाइंब कट (कटरचे दात फीडच्याच दिशेत फिरतात असा कट) घेताना. 0.05 मिमी प्रति दात फीड चालू असताना टेबल 0.2 मिमी पुढे ओढलं गेलं, तर एका दातावर ठरलेल्या जाडीच्या कित्येक पट चीप येते आणि कटर तुटतो. डीआरओ (स्लाइडवरच्या स्केलवरून जागा आकड्यांत दाखवणारा डिस्प्ले) लावल्याने माप बरोबर वाचता येतं, ही ओढ थांबत नाही. स्केल स्लाइडची जागा दाखवतं, फट भरत नाही. अशा कटाआधी ज्या स्लाइडची गरज नाही ती लॉक करा, आणि जी चालवायची आहे तिची गिब नेहमीपेक्षा किंचित जड ठेवा.